खोतांचं घर, नंबर एकोणीस

२६ जानेवारी, रविवार

चिठ्ठी टाकून! आमच्या घराची जागा चिठ्ठी टाकून ठरवली. बिस्किटांच्या रिकाम्या बरणीत चौतीस चिठ्ठ्या. ग्रामसेविका समीक्षा मॅडमनी बरणी गदागदा हलवली, हात घातला आणि वाचलं, "महिपतराव खोत, एकोणीस नंबर." टाळ्या वाजल्या. बनुबाईच्या नावाला जेवढ्या वाजल्या तेवढ्याच.

रागात लिहितोय. अक्षर वाईट येतंय, येऊ दे.

ही वही नीलेशने, माझ्या मुलाने, दिवाळीला दिली. त्याच्या मुंबईच्या ऑफिसात फुकट मिळालेली. आजपर्यंत कोरी होती. आज कुणाशी तरी बोलायलाच हवं. घरात विठा आहे, पण ती सभेतून आल्यापासून एकच विचारतेय, "नळ सैपाकघरात असनार ना हो? आतमंदी?"

नीट लिहितो. दोन वर्षांपूर्वी आमच्या उंबरकोंडच्या वरच्या डोंगराला भेग पडली. दरड आली, बनुबाईचा गोठा दोन म्हशींसकट गाडला गेला. जमीन तपासणारे आले आणि वाडी राहण्याजोगी नाही असं लिहून गेले. म्हणून आता खाली पोलादपूरच्या सडकेला नवी वसाहत. चौतीस घरं, दोन ओळी, सगळी सारखी. दोन खोल्या, स्वयंपाकघर, संडास, पुढे दोन पायऱ्या. मी सभेत उभा राहून विचारलं, "आमचं घर पण एवढंच?"

सरपंच राजेश म्हणाला, "काका, समद्यांचं एवढंच हाय."

हा राजेश आमच्या जुन्या कुळाचा. याच्या आजोबाने आमची जमीन कसली. मी दहा वर्षांचा असताना सडकेजवळचं दांडाचं शेत कूळकायद्यात आमच्या हातून गेलं आणि त्यांच्या नावावर चढलं. त्याच शेतात आता वसाहत होतेय, कारण राजेशच्या आईने, आवडीने, ते गावासाठी बक्षीस लिहून दिलं. अख्खं एक एकर. आज तिचा सत्कार झाला, शाल आणि नारळ. आमच्याच जमिनीचा दानधर्म करून शाल घेतली बाईने!

मी म्हटलं, देवळासमोरचं पहिलं घर खोतांचं. पिढ्यान्‌पिढ्या पहिला नारळ आमचा, शिमग्याची पालखी आधी आमच्या दारात. यात चिठ्ठी आली कुठून?

समीक्षा मॅडमनी पुढची चिठ्ठी काढली.

४ फेब्रुवारी, मंगळवार

महाडला प्रांत ऑफिसात जाऊन आलो. अर्ज चार पानी. सोबत पणजोबांच्या वेळची सनद, लॅमिनेशन करून. बाहेरच्या कारकुनाने नाव विचारलं.

"महिपतराव खोत."

"आडनाव?"

"खोत."

"अच्छा, आडनाव खोत. मला वाटलं हुद्दा की काय!" म्हणाला आणि स्वतःच हसला. पंचवीस-सव्वीसचं पोर. त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

आत अधिकारी बाई, अमिता मॅडम, तिशीच्या. त्यांनी चारही पानं वाचली, हे कबूल करतो. मग विचारलं, "घरात कुणी अपंग आहे का? मोठं आजारपण?"

"नाही."

"मग एकोणीस नंबरला अडचण काय आहे?"

"प्रतिष्ठेची."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "काका, तुमचं म्हणणं मी फाइलला लावते. पण त्याच्यासाठी माझ्याकडे कलम नाही." हसल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या माझ्याकडे, आपण आजारी माणसाकडे बघतो ना, तशा बघत होत्या.

स्टँडवर सुधीर भेटला, कंपनीतला. लांबून ओरडला, "ओ स्टोअर! कसं काय?" औद्योगिक वसाहतीतल्या त्या केमिकल कंपनीत सत्तावीस वर्षं मी स्टोअरकीपर होतो. तिथे सगळे मला स्टोअरच म्हणायचे. मी खोत आहे हे तिथे कधी सांगितलं नाही. मॅनेजर आला की आम्ही उभे राहायचो. ते नोकरीतलं उभं राहणं, त्याचा याच्याशी संबंध नाही.

सुधीरने चहा पाजला. मी पैसे काढेपर्यंत त्याने दिलेही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आज राजेश येऊन गेला. म्हणाला, "काका, खानदानी माणसानं आसं हट्टाला पेटू नये." मला खानदान शिकवतो!

त्यावरून दिवसभर डोकं तापलेलं आहे. खानदानी म्हणजे काय ते एकदा लिहूनच काढतो. खानदानी म्हणजे नुसता पैसा नव्हे, पैसा काय, आता गोरेगावच्या बिल्डरकडेही आहे. खानदानी म्हणजे शिस्त. वडिलांच्या वेळी कुळं यायची ती अंगणातच थांबायची. राजेशचा आजोबा काकडीचा, भोपळ्याचा पहिला वाण घेऊन यायचा. वडील दुपारी झोपलेले असले तर ते उठेपर्यंत उन्हात उभा राहायचा. कुणी त्याला थांब म्हटलेलं नसायचं. त्याला आपलं आपण कळायचं. ती शिस्त आता कुठे आहे?

आणि खानदानी म्हणजे देणारा हात. आम्ही या वाडीला काय दिलं? वडिलांनी शाळेला जागा दिली. नाही, ती जागा सरकारी होती, वडिलांनी उद्‌घाटन केलं. विहीर आमची. ती गावाने श्रमदानाने खोदली, पण आमच्या जमिनीत. भरायला आम्ही कधी नाही म्हटलं नाही, आमचं भरून झाल्यावर.

आता आठवत नाही. पुष्कळ दिलेलं आहे.

हे लोक वसाहतीच्या जागेसाठी आधी माझ्याकडेच आले होते, ते मात्र कुणी बोलत नाही. आमची सडकेची आंब्याची बाग मागत होते, सपाट आहे म्हणून. चहा दिला, पोहे दिले आणि सन्मानाने परत पाठवलं. वाडवडिलांची जमीन अशी वाटायची नसते. मग ते आवडीकडे गेले.

२० मार्च, गुरुवार

पत्र आलं. "आपली हरकत अमान्य करण्यात येत आहे." एका ओळीत. चार पानांना एक ओळ!

नीलेशला फोन केला. म्हणाला, "बाबा, टू रूम किचन फुकट मिळतंय. इकडे विरारला काय भाव चाललाय माहितीये? टेन्शन घेऊ नका, शिफ्ट व्हा." मी म्हटलं, तुझ्या अंगात खोतांचं रक्त आहे की नाही? तो म्हणाला, "मीटिंग चालू आहे, नंतर करतो."

नंतर केला नाही.

६ एप्रिल, रविवार

ठरवलं. मी जाणार नाही. सगळी वाडी गेली तरी खोत आपल्या जागेवर राहील.

विठाला सकाळी सांगितलं. ती तांब्या-पितळेची भांडी पोत्यात भरत होती. हात न थांबवता म्हणाली, "मी जानार."

चाळीस वर्षांच्या संसारात हिने मला असं उत्तर दिलेलं नाही. मी विचारलं, "एकटी?"

"एकटी कशी? समदी हायत की. आठरा नंबरला आवडीबाय, ईसला मैना."

"तेच म्हणतोय मी. एका बाजूला कूळ, दुसऱ्या बाजूला ती मैना, जिचा नवरा आमच्याकडे गुरं राखायचा. मधे आपण. तुला काहीच वाटत नाही?"

तिने पोत्याचं तोंड सुतळीने बांधलं. मग म्हणाली, "मी लग्न होऊन आले तवा तुमची आई म्हनाली, खोतीन कुनाच्या पायरीला बसत नाय. पान्याला बायका एकत्र जायच्या, मी त्यांच्या आधी एकली जायची."

"आधी आपलं भरायचं, मग त्यांचं. मान होता तो."

"त्येच. आधी काय आनि मागनं काय, एकलीच ना? विहिरीवर मी आले की त्या बाजूला व्हायच्या. हंडा उचलू लागायला पन कुनी जवळ यायचं नाय. नीलेशच्या वक्ताला पोटुशी होते तवापन नाय."

मी म्हटलं, त्याला अदब म्हणतात. तिने दुसरं पोतं घेतलं.

बायकांना गुडघे दुखले की असं काहीतरी सुचतं. नळाच्या नादाला लागली आहे.

३० एप्रिल, बुधवार. अक्षय्य तृतीया

आज सगळे गेले. पहाटेपासून टेम्पो खाली-वर करत होते. विठा पाया पडली, म्हणाली, "डाळ-तांदूळ ठेवलंय. ताक झाकून ठेवा." आणि टेम्पोत पुढे बसली. मागे वळून बघितलं की नाही, मी बघितलं नाही.

बाराचा मुहूर्त होता. वसाहतीत शिरताना पहिला नारळ खोताच्या हातचा, हे त्यांनाही मान्य होतं. तो मान त्यांनी काढलेला नाही. नऊ वाजता राजेश आला. खालून चढ चाळीस मिनिटांचा आहे, घामाने निथळत होता. "काका, चला. नारळ तुमच्या हातचा फुटल्याबिगर कुनी आत जानार नाय."

मी विचारलं, "एक नंबर देताय?"

"एक नंबर बनुबाईला लागला. म्हातारीला काय उठवू?"

"मग मी येत नाही."

गेला. साडेदहाला पुन्हा आला. या वेळी नुसता अंगणात उभा राहिला. मी आत फेटा बांधत होतो. आमच्याकडे तीन बोलावणी असतात. दोनदा नाही म्हणायचं आणि तिसऱ्यांदा निघायचं, ही रीत आहे. माझे वडील असेच निघायचे. मी खिडकीतून सांगितलं, "येत नाही म्हणून सांगितलं ना!"

मग ओटीवर बसून राहिलो. फेटा, कोट, पायात वहाणा. अकरा वाजले. साडेअकरा. बारा वाजता खालून फटाक्यांची माळ ऐकू आली.

तिसरं बोलावणं आलंच नाही. रीत माहीत नाही मेल्यांना!

१ मे, गुरुवार

आज सकाळी आवडी आली. बहात्तर वर्षांची बाई, काठी टेकत एवढा चढ चढून आली, कमरेला डबा बांधलेला. विठाने दिलेल्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी. मी म्हटलं, "पायरीवर ठेव."

ती पायरी चढून ओटीवर आली आणि खाली बसली. पदराने तोंड पुसलं. "पानी दे," म्हणाली.

दे. द्या नाही. मी तांब्या आणून दिला. का दिला कुणास ठाऊक.

"नारळ कुणी फोडला?" मी विचारलं.

"विठाबायनं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "बाईने?"

"राजेश म्हनाला, मान खोताच्या घराचा हाय, खोत येत नाय तर खोतीन हाय ना. ती नगं नगं म्हनत व्हती. मी म्हनलं, मार गो. एका दनक्यात फोडला. समदी टाळ्या वाजवत व्हती."

माझा तोल गेला. सगळं बाहेर काढलं. म्हटलं, आमच्या घराची अब्रू चव्हाट्यावर मांडली तुम्ही. आमची जमीन घेतली, वर तीच दान करून मोठेपणा घेतला. वसाहतीच्या कमानीवर सासऱ्याचं नाव लागलं असेल ना आता, मोठ्या अक्षरात?

"नाव नगं म्हनून मीच सांगितलं. उंबरकोंडच लिवलंय."

"मग जमीन दिलीस कशाला?"

मग तिचाही आवाज चढला. काठी आपटून म्हणाली, "बनुबायच्या म्हशी गाडल्या तवा दोन दिस आतून हंबरत व्हत्या. तू आयकलं नायस? माझ्या सुनेनं कान झाकून घेतलं व्हतं. आता बाकीची मानसं गाडायची वाट बघू? सपाट जागा दोनच व्हत्या. तुझी बाग आनि माझं शेत. तू पोहे खायला घातलंस."

"तोंड सांभाळ, आवडी."

"पन्नास वर्सं सांभाळलं. तुला राग येतो, महिपता, मला येत नाय व्हय? लग्न होऊन आले त्या वर्साला, शेत आमच्या नावावर झालं व्हतं तरी, सासऱ्यानं मला कोंबडी नि काकड्या घेऊन तुमच्याकडं धाडलं. तुझा बाप निजलेला. दुपारची मी अंगनात उभी, पाच महिन्यांची गरवार. इथंच, ह्या पायरीच्या खाली. पडले तवा कपाळाला लागलं, ह्ये बघ." तिने पदर मागे सारला. केसांच्या खाली पांढरा वण आहे. "तू ह्याच ओटीवर पुस्तक घेऊन बसलेला. बारा वर्सांचा व्हतास. बघत व्हतास. उठून पानी दिलं नायस."

मी म्हटलं, "मला आठवत नाही."

"नसंल आठवत," म्हणाली. काठी घेऊन उठली. डबा ओटीवरच ठेवला. उतरताना एकदा पाय घसरला तिचा, पण मी पुढे होईपर्यंत ती सावरली होती.

महिपता म्हणाली मला. आई गेल्यापासून कुणी असं म्हटलेलं नाही. आणि ही कोण मला असं म्हणणारी?

२ मे, शुक्रवार

काल खोटं बोललो. आठवतंय.

कोंबडीचे पाय बांधलेले होते. ती खाली पडल्यावर कोंबडी फडफडत अंगणभर घसटत गेली आणि मी कोंबडीकडे बघत होतो. मला वाटलं मोठी माणसं उठतील, काय ते बघतील. कुणी उठलं नाही. मग ती आपली आपणच उठली, कोंबडी धरली आणि पुन्हा उभी राहिली. वडील अजून झोपलेलेच होते.

पण मी बारा वर्षांचा होतो. बारा वर्षांच्या मुलाने काय करायचं होतं? मला कुणी सांगितलं नव्हतं. पाणी द्यायला कुणी सांगावं लागतं का, असं कुणी विचारेल. विचारू दे. राग तिचा येतोय की वडिलांचा, ते कळेनासं झालंय. झोपलेल्या माणसाचा राग कसा करायचा?

७ मे, बुधवार

वीज तोडली. वाडीत आवाज म्हणून नाही. आज अंगणात येऊन नेहमीप्रमाणे हाक मारली, "कोण आहे रे तिकडे?" कुणी नाही हे माहीत होतं. सवय.

आवडी आल्यानंतर डबा आलेला नाही. विठाने निरोपही पाठवला नाही. चाळीस वर्षांत चार दिवस मला न विचारता काढले नाहीत तिने. उद्या-परवा खाली जाऊन चांगलं सुनावणार आहे. तिला, आवडीला, राजेशला, सगळ्यांना. नारळाचं तर आहेच. काय काय बोलायचं ते मनात ठरवून ठेवलंय.

९ मे, शुक्रवार

आज वही पिशवीत टाकून उतरलो. चारच्या सुमाराला वसाहतीत पोचलो. ऊन तापलेलं. घरांच्या पाठी हिरवं कापड बांधून सावली केली आहे, तिथून बायकांच्या हसण्याचा आवाज येत होता. हसणं म्हणजे कसलं, किंचाळत होत्या. मी भिंतीच्या कडेने गेलो.

दहा-बारा जणी पापड लाटत बसलेल्या. मधे विठा उभी. खांद्यावर टॉवेल उपरण्यासारखा टाकलेला, हातात लाटणं काठीसारखं धरलेलं. आधी ती खाकरली. मग टॉवेलचं टोक झटकलं. मग दोन पावलं पुढे टाकली, डावा पाय जरा बाहेर टाकत, मी टाकतो तसा, आणि घसा खोल करून म्हणाली, "कोण आहे रे तिकडे?"

मैना जमिनीवर लोळायची बाकी होती. बनुबाई डोळे पुसत होती. आवडी म्हणत होती, "आनि जेवताना? जेवताना कसं करतो त्ये दाव गो!" विठाने मांडी घातली आणि मीठ कमी आहे हे तोंडाने न बोलता वाटी बोटाने कसं सरकवायचं ते दाखवलं. हुबेहूब. मी असं करतो हे मला माहीत नव्हतं. चाळीस वर्षं ती समोर बसून हे बघत होती आणि हसायला तिच्याजवळ कुणी नव्हतं.

ठरवलेलं सगळं तोंडाशी आलं. मी पुढे झालो.

पहिल्यांदा मैनाने बघितलं. ती उठून उभी राहिली, डोक्यावर पदर घेतला. मग दुसरी उठली, तिसरी. बनुबाई कुणाचा तरी हात धरून उठली. आवडीसुद्धा काठी चाचपायला लागली. एका क्षणात सगळं चिडीचूप. लाटणी थांबली. विठा तेवढी बसून होती, बोट अजून हवेत, न दिसणाऱ्या वाटीवर.

अशीच शांतता मी जन्मभर ऐकत आलो आहे. विहिरीवर, चावडीवर, लग्नाच्या मांडवात. मी आलो की बोलणं थांबायचं, हसणं थांबायचं, माणसं उठायची. आज पहिल्यांदा त्याच्या आधीचा आवाज ऐकला. मी तिथे नसतानाचा.

"चालू द्या," मी म्हटलं.

कुणी हललं नाही. मी पुन्हा म्हटलं, "अहो, बसा. चालू द्या." आवाज हवा तसा निघाला नाही, हुकूम केल्यासारखाच निघाला. त्या बसल्या, हुकूम मानल्यासारख्याच. कुणी पापड लाटेना. विठाने विचारलं, "जेवलात?" मी मान हलवली. "आत भात हाय झाकलेला," ती म्हणाली. उठली नाही. मी वाढून घ्यायचं, असं.

मी एकोणीस नंबरमध्ये आलो आणि दार लावलं. भात खाल्ला. वाईट नाही घर. स्वयंपाकघराची खिडकी त्या सावलीच्या बाजूला उघडते. ती अर्धी ओढून घेतली आहे.

बराच वेळ बाहेर काहीच नव्हतं. मग लाटण्याचा आवाज सुरू झाला. मग कुणीतरी हळूच काहीतरी बोललं आणि कुणीतरी त्याला गप्प केलं. आता आवडीचा आवाज येतोय. विठा नको नको म्हणतेय.

मला लघवीला जायचं आहे. या घराचा संडास मागच्या बाजूला आहे, त्यांच्या समोरून जावं लागतं. दार उघडलं की त्या परत उठतील.

आता विठा खाकरली.

जरा वेळ थांबतो.